वाचकांचे प्रश्न : सोन्याच्या कणातला लेसर

मागील अंकात लेसरच्या इतिहासावर एक टिपण दिले होते. त्याच्या शेवटी ओघात एक वाक्य आले होते, ते असे : '१९६० साली थिओडोर मायमन यांनी बोटाच्या पेराएवढ्या माणकाच्या कांडीतून पहिला लेसर मिळवला आणि २००९ साली अवघ्या ४४ नॅनोमीटर व्यासाच्या गोळीतून लेसर मिळाल्याची नोंद झाली.' (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) या वाक्याने अनेकांना स्वस्थ बसू दिले नाही, असे आलेल्या पत्रांवरून दिसते. पत्रे बहुतेक ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी आणि नेरूळ या पट्ट्यातली आहेत. जी गोष्ट मी एका वाक्यात उरकली तिला पूर्ण सदर देणे आवश्यक होते, म्हणून या वेळी दुसरा विषय घेतलेला नाही. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. प्रकाशाला त्याच्या तरंगलांबीच्या निम्म्याहून लहान जागेत कोंडता येत नाही, असे मी दर वर्षी फळ्यावर लिहून देत असे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी पाचशे नॅनोमीटरहून अधिक असते. मग ४४ नॅनोमीटरच्या गोळीत तो मावला कसा? मी इतकी वर्षे चुकीचे शिकवले का?
(निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे)

उत्तर : बाई, आपण फळ्यावर लिहिलेले वाक्य आजही खरे आहे. त्या गोळीत जे कोंडलेले असते तो निव्वळ प्रकाश नसतो, एवढाच फरक आहे; पण या विषयातले सारे काही त्या एका फरकावर उभे आहे, म्हणून तो नीट उलगडून सांगतो.

नेहमीच्या लेसरमध्ये समोरासमोर दोन आरसे असतात आणि त्यांच्यामध्ये प्रकाशाच्या निदान अर्ध्या लाटेपुरती जागा असावी लागते. ही अट का, हे पाठ्यपुस्तकात सहसा सांगितलेले नसते. प्रकाशलहरीतली ऊर्जा विद्युत क्षेत्रातून चुंबकीय क्षेत्रात आणि तिथून पुन्हा विद्युत क्षेत्रात अशी सतत ये-जा करत असते. जुन्या घरांत माजघरात टांगलेला झोपाळा आठवावा : टोकाला गेला की सारी ऊर्जा उंचीत असते, मध्यावर आला की सारी वेगात असते, आणि या दोन्हींचा मेळ बसतो म्हणूनच तो लयीत हलत राहतो. प्रकाश कोंडण्याची जागा तरंगलांबीच्या मानाने फार लहान केली, तर चुंबकीय क्षेत्राला आपल्या वाट्याची ऊर्जा सांभाळता येत नाही. झोपाळ्याची एक बाजू लंगडी पडते आणि ऊर्जा आत न ठरता बाहेर निसटते.

धातूमध्ये मात्र तिला दुसरा आसरा मिळतो. सोन्याच्या कणात असंख्य मोकळे इलेक्ट्रॉन असतात. काठोकाठ भरलेली परात उचलून नेताना पाणी जसे या काठाहून त्या काठाला डुचमळते, तसे हे इलेक्ट्रॉन योग्य रंगाचा प्रकाश पडताच कणाच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला एकत्र हेलकावे घेऊ लागतात. या हेलकाव्याला पृष्ठीय प्लास्मॉन असे नाव आहे. चुंबकीय क्षेत्राला जी ऊर्जा पेलली नसती ती येथे इलेक्ट्रॉनांच्या गतीत जाऊन बसते, मेळ पुन्हा जमतो, आणि अर्ध्या लाटेची अट उरत नाही. ५३१ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाची अर्धी लाट हवेत सुमारे २६५ नॅनोमीटर भरते. आपली गोळी तिच्या सहाव्या हिश्श्याएवढी आहे.

या सोयीची किंमत मात्र तिथल्या तिथे वसूल होते. इलेक्ट्रॉन गतीत आले की ते धातूच्या जाळीवर आणि एकमेकांवर आदळतात आणि त्यांच्याजवळची ऊर्जा उष्णतेत जाते. सोन्याच्या कणातला असा हेलकावा साधारण १० फेमटोसेकंदांच्या आसपास विरतो. एका सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाचा पुन्हा एक कोटीवा भाग म्हणजे एक फेमटोसेकंद. हिरव्या प्रकाशाचे एक आंदोलन १.७७ फेमटोसेकंदांत पुरे होते, म्हणजे पाच-सहा झोके झाले की झोपाळा थांबला. कणाचा आकार कितीही कौशल्याने घडवला तरी या गळतीतून सुटका नाही, कारण जागा वाचवली ती इलेक्ट्रॉनांना ऊर्जा सोपवूनच वाचवली आहे. हे एकदा ध्यानात घेतले की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

विरणारा झोका टिकवायचा तर कोणीतरी नेमक्या क्षणी त्याला हात लावत राहिले पाहिजे. तेल अवीव विद्यापीठाचे डेव्हिड बर्गमन आणि अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे मार्क स्टॉकमन यांनी २००३ साली हे काम कणाभोवती ठेवलेल्या पुंज-उत्सर्जकांकडे (क्वांटम एमिटर, म्हणजे ठरावीक रंगाची ऊर्जा सोडणारे रेणूंसारखे बारीक घटक) सोपवण्याची कल्पना मांडली आणि तिला 'स्पेझर' हे नाव दिले. लेसर या शब्दात प्रकाशाचे जे आद्याक्षर आहे, त्याच्या जागी पृष्ठीय प्लास्मॉनची आद्याक्षरे घालून तो शब्द घडवला आहे. २००९ साली नॉरफोक स्टेट विद्यापीठाचे मिखाईल नोगिनोव्ह आणि पर्ड्यू व कॉर्नेल विद्यापीठांतील त्यांचे सहकारी यांनी तशा गोळ्या करून दाखवल्या : मध्ये १४ नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा गाभा, त्याभोवती रंगद्रव्याचे रेणू मुरवलेले सिलिकाचे कवच, आणि एकूण व्यास ४४ नॅनोमीटर. त्यांच्यावर निळ्या प्रकाशाचे क्षणिक स्पंद टाकल्यावर ५३१ नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा हिरवा प्रकाश बाहेर आला.

प्रश्न : आमची सोन्या-चांदीची पिढीजात पेढी आहे. सोने आटवताना, तार ओढताना, पत्रा ठोकताना ते कधी लाल झालेले पाहिले नाही. कण पुरेसा लहान केला की सोने लाल दिसते हे खरे आहे का? आणि या कामाला चांदी का वापरत नाहीत?
(सराफ व्यावसायिक, ठाणे)

उत्तर : खरे आहे, आणि आपण ते लाल सोने बहुधा पाहिलेलेही आहे, फक्त ते सोने आहे हे कोणी सांगितले नसेल. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवर जी गुलाबी-लाल रेघ उमटते, ती पुष्कळ पट्ट्यांमध्ये सोन्याच्या सूक्ष्म कणांची असते. प्रतिपिंडे चिकटवलेले काही दशक नॅनोमीटरचे कण ओलाव्याबरोबर कागदावरून सरकत येतात, ठरलेल्या जागी अडकतात आणि तिथे गर्दी झाली की रेघ दिसू लागते. वीस नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात तरंगत असले तर ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश त्यांच्या इलेक्ट्रॉनांना हेलकावायला लावतो आणि त्यातच खर्च होतो. पांढऱ्या प्रकाशातून हिरवा वजा झाला की डोळ्याला माणकासारखा लाल रंग दिसतो. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ साली असे लाल द्रव करून ठेवले होते आणि त्यांच्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही आहेत. त्याहून जुना दाखला ब्रिटिश म्युझियममधल्या चौथ्या शतकातील रोमन पेल्याचा आहे : समोरून उजेड पडला तर तो हिरवट दिसतो, आत दिवा ठेवला तर लाल. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत. ज्या कारागिराने तो घडवला त्याला प्लास्मॉन ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, पण हाताने साधलेल्या गोष्टीचे मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

कणाच्या आकाराची कल्पना यावी म्हणून आपल्याच टेबलावरचे माप घेऊ. दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक लेसरने कोरलेला असतो आणि तो वाचायला आपण भिंग डोळ्याला लावता. त्याच भिंगाखाली डोक्याचा एक केस ठेवावा. त्याची जाडी ८० मायक्रोमीटर, म्हणजे ८०,००० नॅनोमीटर धरली, तर त्या जाडीत ४४ नॅनोमीटरच्या गोळ्या एका ओळीत १८०० बसतील.

चांदीविषयीची आपली शंका अगदी रास्त आहे. दृश्य प्रकाशात चांदीतली गळती सोन्याहून कमी असते. सोने पिवळे दिसते ते मुळात निळा आणि निळसर हिरवा प्रकाश ते स्वतःच गिळते म्हणून, आणि ५३१ नॅनोमीटर ही तरंगलांबी या गिळण्याच्या हद्दीला अगदी चिकटून आहे. तरीही संशोधक अनेकदा सोन्याकडे वळतात, त्याचे कारण आपल्या देवघरात आहे : निरांजन आणि ताम्हन चार महिने तसेच ठेवले तर काळे पडतात. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदीवर जो थर चढतो, तो निरांजन घासले की निघतो. वीस नॅनोमीटरच्या कणात मात्र थर वजा केल्यावर चांदी फारशी उरतच नाही. म्हणून चांदी वापरायची तर ती लगेच झाकावी लागते.

प्रश्न : 'क्वांटम एमिटर' म्हणजे नक्की काय? तो प्रकाश देतो, तर मग धातूची गरज कशाला? आणि धातू प्रकाश खातो, तर तो एमिटरच्या शेजारी ठेवायचाच कशाला?
(बारावीचा विद्यार्थी, नेरूळ)

उत्तर : ज्याच्यात ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि जो वरच्या पायरीवरून खाली येताना ठरावीक रंगाची ऊर्जा सोडतो, असा कोणताही बारीक घटक म्हणजे पुंज-उत्सर्जक. रंगद्रव्याचा एक रेणू हा पुंज-उत्सर्जक आहे. कॅडमियम सेलेनाइडसारख्या अर्धवाहकाचा काही नॅनोमीटरचा स्फटिक, ज्याला क्वांटम डॉट म्हणतात, हाही पुंज-उत्सर्जकच. त्याचा आकार बदलला की रंग बदलतो. याच शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मौंगी बावेंडी, लुई ब्रस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळाले, आणि आता हे ठिपके दूरचित्रवाणीच्या पडद्यातही पोहोचले आहेत.

वरच्या पायरीवरचा रेणू दोन प्रकारे खाली येतो. एकतर आपल्या मर्जीने, केव्हाही आणि कोणत्याही दिशेने. दिव्याचा उजेड असा तयार होतो. दुसरा प्रकार आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडला : आधीच चालू असलेल्या लहरीच्या सान्निध्यात तो रेणू त्याच लहरीच्या तालावर आपली ऊर्जा तिच्यात मिळवतो. शाळेच्या मैदानावर लेझीम सुरू होते तेव्हा पहिल्या रांगेचा ठेका पक्का बसला की मागून येणारा प्रत्येक जण त्याच पावलावर मिसळतो, आणि जितके मिसळतील तितका ठेका पुढच्याला ओढून घेतो. हे उद्दीपित उत्सर्जन.

आता धातूकडे येऊ. लेझीम पटकन रंगायची तर मैदान आटोपशीर हवे. हेलकाव्याचे विद्युत क्षेत्र कणाच्या पृष्ठभागालगत काही नॅनोमीटरच्या पट्ट्यात दाटलेले असते, आणि त्या दाटीत ठेवलेला रेणू एरवीपेक्षा कित्येक पटींनी लवकर ऊर्जा सोडतो. भोवतालची जागा बदलली की उत्सर्जनाचा वेग बदलतो, हे एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ सालीच सांगून ठेवले होते. स्पेझरमध्ये रेणू फोटॉन (प्रकाशाचा कण) सोडून तो धातूकडे पाठवतो असेही नाही; तो आपली ऊर्जा थेट इलेक्ट्रॉनांच्या हेलकाव्यात टाकतो. एकटा इलेक्ट्रॉन दुसऱ्याला आपल्या जागी येऊ देत नाही, पण इलेक्ट्रॉनांचा सामुदायिक हेलकावा हा सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ज्याचे गणित मांडले त्या कुळातला आहे, आणि त्या कुळातल्या कणांना एकाच अवस्थेत गर्दी करणे मानवते. प्लास्मॉनची लेझीम जमते ती यामुळे. त्या हेलकाव्यातला थोडा अंश प्रकाश होऊन बाहेर पडतो आणि आपल्या उपकरणाला तेवढाच दिसतो.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नात मोठी समज आहे. रेणू धातूला अगदीच चिकटला तर त्याची ऊर्जा उपयोगी हेलकाव्यात न जाता थेट उष्णतेत जाते. फार लांब ठेवला तर तो दाट क्षेत्राच्या बाहेर राहतो. म्हणून मध्ये काही नॅनोमीटरची फट राखावी लागते. बर्कली येथे शियांग झँग यांच्या गटाने २००९ सालीच दुसऱ्या धर्तीचा प्लास्मॉन-लेसर केला. त्यात चांदीच्या सपाट थरावर कॅडमियम सल्फाइडची बारीक तार आडवी ठेवली होती आणि दोहोंच्या मध्ये मॅग्नेशियम फ्लोराइडचा फक्त ५ नॅनोमीटरचा पापुद्रा होता. त्या पापुद्र्यात सारे कसब आहे. (त्या तारेची लांबी मात्र मायक्रोमीटरमध्ये मोजावी लागते, तिन्ही बाजूंनी नॅनो असलेला लेसर आणि दोनच बाजूंनी नॅनो असलेला लेसर यांत फरक आहे, आणि बातम्यांत तो हमखास गाळला जातो.)

प्रश्न : इतक्या लहान वस्तूतून आलेला प्रकाश लेसरचाच आहे, साधी चमक नाही, हे ठरवतात कसे? नुसता रंग उजळ दिसला म्हणून लेसर म्हणता येईल का?
(निवृत्त अभियंता, वाशी)

उत्तर : म्हणता येणार नाही, आणि या क्षेत्रातली सगळ्यात प्रामाणिक वादावादी याच प्रश्नावर झालेली आहे.

तळाला चीर गेलेला माठ नळाखाली ठेवला आहे, असे समजा. नळ बारीक असेल तर येईल तेवढे पाणी गळून जाते. नळ मोठा करत गेलो की एक वेळ अशी येते की भर गळतीवर मात करते आणि पाणी चढू लागते. लेसरमधल्या या वळणाला उंबरठा म्हणतात. उंबरठ्याच्या अलीकडे रंगद्रव्य आपली नेहमीची पसरट चमक देते, जिच्यात कित्येक नॅनोमीटर रुंदीचे रंग मिसळलेले असतात. पलीकडे गेल्यावर त्या पसरट डोंगरावर एक अरुंद सुळका उभा राहतो आणि पुरवलेली ऊर्जा थोडी वाढवली तरी तो भराभर उंच होतो. नोगिनोव्ह यांच्या प्रयोगात हा सुळका ५३१ नॅनोमीटरवर दिसला. पण त्यांच्यासमोर एकच गोळी नव्हती, असंख्य गोळ्यांचा द्रव होता. मग अनेक गोळ्यांनी मिळून प्रकाश इकडून तिकडे फेकल्यामुळे हे घडले नसेल कशावरून? ही शंका फेडण्यासाठी त्यांनी द्रव पातळ करत नेला आणि तरीही चमक व सुळका यांचे प्रमाण बदलत नाही असे दाखवले. तो पुरावा चांगला होता, तरी इतक्या छोट्या गोळीत भर खरोखर गळतीवर मात करू शकते का, यावर पुढेही वाद होत राहिला. वाद झाला म्हणून काम कमी प्रतीचे ठरत नाही. माझ्या मते त्या वादामुळेच पुढच्यांची मोजमापे सुधारली.

अडचण अशी की लेसर जितका लहान, तितका उंबरठा पुसट होतो. मोठ्या लेसरमध्ये उत्स्फूर्त (रेणूच्या मर्जीने होणाऱ्या) उत्सर्जनाचा अगदी नगण्य भाग लेसरच्या लहरीत जातो, म्हणून उंबरठ्यावर आलेखाला ठळक कोपरा येतो. नॅनोलेसरमध्ये तो भाग इतका मोठा असू शकतो की आलेख जवळजवळ सरळ जातो आणि कोपरा शोधूनही सापडत नाही. अशा वेळी फोटॉन कसे येतात ते मोजावे लागते. येणारा प्रकाश अर्ध्या पारदर्शक आरशाने फोटॉन टिपणाऱ्या दोन उपकरणांवर विभागायचा आणि दोन्हीकडे एकाच क्षणी 'टिक' निव्वळ योगायोगाने होईल त्याच्या किती पट वेळा होते ते पाहायचे. हॅनबरी ब्राऊन आणि ट्विस यांनी १९५६ साली ताऱ्यांच्या प्रकाशासाठी ही पद्धत वापरली होती. दिव्याच्या प्रकाशात फोटॉन घोळक्याने येतात आणि हा आकडा २ येतो. लेसरच्या प्रकाशात घोळके नसतात आणि आकडा १ येतो. एकट्या रेणूपासून फोटॉन एकेकटेच येतात आणि आकडा शून्याकडे जातो. नॅनोलेसरचा दावा वाचताना उंबरठा, पट्ट्याची रुंदी आणि हा आकडा या तिन्हींची चौकशी आपण अवश्य करावी. 'नेचर' गटाच्या नियतकालिकांनीही २०१७ च्या सुमारास लेसरचा दावा करणाऱ्या लेखकांकडून अशाच स्वरूपाची प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली.

प्रश्न : मी ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्क सांभाळतो. आमच्याकडे विजेचे आणि शीतकरणाचे बिल हीच मोठी चिंता असते. असे नॅनोलेसर आले तर आमच्या ऑप्टिकल मॉड्यूलमधले लेसर जातील आणि वीज वाचेल, असे एका सादरीकरणात सांगितले गेले. त्यात तथ्य किती?
(ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : ऐरोली ते महापे या पट्ट्यात सर्व्हरची घरे ज्या वेगाने उभी राहत आहेत ते पाहता आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून आकडेमोड करूनच उत्तर देतो; सादरीकरणातल्या चित्रांपेक्षा ती अधिक खरे बोलेल.

आधी वीज किती लागेल ते पाहू. सोन्याच्या कणातला हेलकावा १० फेमटोसेकंदांत विरतो असे वर म्हटले. त्या कणात सरासरी एकच प्लास्मॉन जिवंत ठेवायचा असला, तरी दर १० फेमटोसेकंदांना नव्याने एका प्लास्मॉनइतकी ऊर्जा घालावी लागेल. हिरव्या रंगासाठी हा हिशेब सुमारे ३७ मायक्रोवॅट येतो. आकडा किरकोळ वाटतो. पण हेच काम प्रकाशाऐवजी विजेने करायचे, तर दर १० फेमटोसेकंदांना निदान एक इलेक्ट्रॉन पुरवावा लागेल, म्हणजे १६ मायक्रोअँपिअर. आणि हा प्रवाह ४४ नॅनोमीटरच्या वर्तुळातून न्यायचा आहे. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० लाख अँपिअर येतात. आपल्या घरी गीझरच्या सॉकेटला जी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाते, तिच्यातून १५ अँपिअर गेले तर ही घनता ६०० भरते. चिपमधल्या तांब्याच्या सूक्ष्म तारांना दीर्घकाळ सोसवणारी मर्यादाही साधारण १० लाखांच्याच घरात मानतात. म्हणजे एकच प्लास्मॉन टिकवायला तारेची सारी शक्ती खर्च होते, आणि ती जवळपास सगळी उष्णता होऊन आपल्याच शीतकरणाच्या बिलात येते. धातूच्या कणाचे स्पेझर आजवर प्रकाशाच्या स्पंदांनी चालवले गेले ते याचमुळे.

आता समजा, कोणी चांगला नॅनोलेसर केलाच आणि त्यातून १५५० नॅनोमीटरचा एक मायक्रोवॅट प्रकाश मिळाला. सेकंदाला १० गिगाबिट पाठवायचे तर दर बिटच्या वाट्याला जेमतेम ८०० फोटॉन येतात. जोडण्यांत आणि प्रकाश वाहून नेणाऱ्या तंतूत शंभरातले ९९ गेले तर ८ उरतात. सरासरी ८ असताना एकही फोटॉन न पोहोचण्याची शक्यता दहा हजारांत तीनदा असते, आणि आपल्या दुव्यांना तर अब्जात एकाहूनही कमी चूक चालते. दोन रॅकमधल्या किंवा दोन इमारतींमधल्या तंतूसाठी म्हणूनच आजचे ८५० नॅनोमीटरचे उभ्या पोकळीचे लेसर आणि १३१० व १५५० नॅनोमीटरचे लेसर हटणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र एका चिपच्या आत, मिलिमीटरभर अंतरावर, इतके फोटॉन वाया जात नाहीत आणि तिथे जागेचे मोलही वेगळे असते. तिथे धातूच्या कणापेक्षा मोठे, धातूचे वेष्टन असलेले अर्धवाहकाचे लेसर अधिक आशादायक आहेत. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील मार्टिन हिल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली सोन्याने मढवलेल्या अर्धवाहक स्तंभातून, विजेवर चालणारा आणि थंड करून ठेवलेला असा लेसर मिळवला होता. गळती त्यातही आहेच, पण ऊर्जेचा मोठा भाग अर्धवाहकात राहत असल्याने ती पेलण्याजोगी आहे. सादरीकरण करणाऱ्यांना पुढच्या वेळी एवढेच विचारावे की त्यांचा लेसर विजेवर चालतो की प्रकाशावर, आणि कोणत्या तापमानाला.

प्रश्न : शरीरात सोडता येईल असा लेसर आला आहे आणि त्याने कर्करोगाच्या पेशी शोधून मारता येतात, असा संदेश आमच्या रुग्णालयातील गटात फिरतो आहे. रुग्णांचे नातेवाईक विचारतात, त्यांना काय सांगावे?
(परिचारिका, कळवा)

उत्तर : ताई, मुळात काम खरे आहे, संदेशाने त्याला पाय फोडले आहेत. २०१७ साली अमेरिकेतील आर्कन्सॉ येथील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २२ नॅनोमीटरचे स्पेझर कण प्रसिद्ध केले. सोन्याचा गाभा आणि रंगद्रव्य भरलेले सिलिकाचे कवच अशीच त्यांचीही रचना होती. असे कण कर्करोगाच्या पेशींत असताना त्यांनी अतिशय तेजस्वी आणि अरुंद पट्ट्याचा प्रकाश दिला, आणि जास्त ऊर्जा दिल्यावर कणाभोवती निर्माण होणाऱ्या सूक्ष्म बुडबुड्यांनी पेशींना इजा झाली. हे प्रयोगशाळेतले आणि प्राण्यांवरचे प्रयोग आहेत. ही आज कोणत्याही रुग्णालयात मिळणारी उपचारपद्धती नाही. शिवाय कण चेतवण्यासाठी बाहेरून प्रकाश पोहोचावा लागतो, आणि हिरवा-निळा प्रकाश त्वचेखाली फार खोल जात नाही. नातेवाइकांना सांगा की चालू असलेला उपचार यासाठी थांबवू नये, आणि 'नॅनो लेसर' या नावाने कोणी पैसे मागितले तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

प्रश्न : आमच्या शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो. या विषयातले काही मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का?
(विज्ञान शिक्षक, पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : स्पेझर दाखवता येणार नाही, पण ज्या हेलकाव्यावर तो चालतो तो नक्की दाखवता येईल. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाची मदत घ्या. शाळेत परस्पर करू नका, कारण क्लोरोऑरिक आम्ल त्वचेला अपायकारक आहे आणि काचेची भांडी अत्यंत स्वच्छ लागतात. क्लोरोऑरिक आम्लाचे अगदी विरळ, फिकट पिवळे द्रावण उकळत ठेवतात आणि त्यात सोडियम सायट्रेटचे द्रावण एकदम ओततात. १९५१ साली टर्केविच यांनी अभ्यासलेली ही कृती आहे. पिवळा रंग प्रथम नाहीसा होतो, मग द्रव राखाडी-निळसर होतो, जांभळ्याकडे झुकतो आणि काही मिनिटांत कोकमाच्या सरबतासारखा लाल होऊन स्थिरावतो. मुलांना घड्याळ लावून प्रत्येक रंगाची वेळ वहीत लिहायला सांगा.

थंड झाल्यावर काचपात्र अंधाऱ्या खोलीत ठेवून त्यातून हिरव्या लेसर पॉइंटरचा किरण सोडा. त्याची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर असते, म्हणजे नोगिनोव्ह यांच्या गोळीतून निघालेल्या प्रकाशाच्या अगदी शेजारची. किरण कोणाच्या डोळ्यांकडे वळणार नाही याची दक्षता आपण स्वतः घ्यावी, पॉइंटर मुलांच्या हाती देऊ नये. हिरवा किरण लाल द्रवात शिरताच पुढे पुढे फिका होत जाताना दिसेल. लाल पॉइंटरचा किरण त्याच द्रवातून बराच सहज पार होईल. शेवटी त्यातला थोडा द्रव वेगळ्या परीक्षानळीत घेऊन मिठाच्या पाण्याचे थेंब टाका. कण एकमेकांना चिकटतात, शेजारशेजारच्या कणांतले हेलकावे एकमेकांत गुंततात, आणि लाल द्रव मुलांच्या डोळ्यांदेखत निळसर होतो.